मुलाला कायमचे घर मिळवून देण्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्त्याचा खरा वाटा किती असतो?

नवी_नेमणूक यांचा प्रश्न

नमस्कार. एमएसडब्ल्यू पूर्ण झाल्यानंतर मराठवाड्यातील एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती म्हणून कंत्राटी पदावर माझी निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्यात मी रुजू होणार आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतील या पदाचे मानधन, करार आणि फिरती यांची मला कल्पना आहे, त्यामुळे त्याविषयी मी विचारत नाही. माझा प्रश्न कामाच्या गाभ्याविषयी आहे.

क्षेत्रकार्याच्या निमित्ताने मी ज्या बालगृहात जात असे, तिथली बहुतेक मुले अनाथ नव्हती. कुणाला आई होती, कुणाचे वडील व्यसनाधीन होते, कुणाचा मामा वर्षाकाठी एकदा खाऊ घेऊन येत असे. कागदोपत्री या मुलांना कुटुंब होते आणि प्रत्यक्षात ती पहिलीपासून आठवीपर्यंत बालगृहातच वाढत होती. दुसरीकडे ‘कारा’कडे, म्हणजे दत्तकविधानाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, नोंदणी केलेल्या इच्छुक पालकांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली आहे, आणि 2024-25 या वर्षात देशभरात झालेली 4,515 दत्तकविधाने हा गेल्या काही वर्षांतला उच्चांक मानला जातो. मूल मागणारे इतके आणि घरावाचून वाढणारी मुलेही इतकी, तरी त्यांची गाठ का पडत नाही? मुलाने कुठे राहावे याचा निर्णय जिल्ह्यातल्या बाल कल्याण समितीचा असतो हे मी शिकले आहे. मग माझ्यासारख्या कार्यकर्तीच्या हातात नेमके काय असते, आणि मूळ कुटुंबाची वाट किती पाहावी हे कसे ठरवावे?

संस्थाबाह्य_काळजी यांचे उत्तर

तुमचे अभिनंदन. मी अशाच एका कक्षात बरीच वर्षे काम करतो आहे. मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे बंदी असल्यामुळे खालील उदाहरणांतले तपशील बदलले आहेत.

निर्णय समितीचा असतो हे खरेच, परंतु अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या त्या समितीला मुलाचे घर, गाव आणि नातेवाईक प्रत्यक्ष दिसत नसतात, ते तुमच्या सामाजिक तपासणी अहवालातून दिसतात. अहवालात तुम्ही ‘आई भेटावयास येत नाही’ असे एक वाक्य लिहिले, तर समितीपुढे ती आई न येणारी म्हणूनच उभी राहते. म्हणून तुमच्या हातात काय असते, या प्रश्नाला माझे उत्तर असे की चौकशीचा खरेपणा आणि तिचा वेग या दोन्ही गोष्टी जवळजवळ पूर्णपणे तुमच्याच हातात असतात.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत फार लिहीत नाही, कारण तिथली वाट आखलेली आहे. पालकांनी समितीपुढे बाळ सोपवले तर त्यांना फेरविचारासाठी 60 दिवस असतात. टाकून दिलेले मूल दोन वर्षांखालील असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित व्हावे, अशी मुदत कायद्यात आहे. विशेष दत्तक संस्थांमधली मंडळी या मुदतींबाबत जागरूक असतात आणि लहान बाळांसाठी पालक रांगेत उभेच असतात. खरी कसोटी तुम्ही ज्यांना पाहिले त्या, सहा ते चौदा वयाच्या, नातेवाईक असलेल्या मुलांच्या बाबतीत लागते.

एका मुलीची भेट नोंदवही मी तपासत होतो. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला आईचा अंगठा उमटलेला, आणि ऑक्टोबरपासून पुढे पाने कोरी. सलग काही वर्षे हेच चित्र होते. आधीच्या अहवालात ‘आईचा संपर्क अनियमित, मुलीविषयी आस्था दिसून येत नाही’ असा शेरा होता. गावी गेल्यावर अंगणवाडी सेविकेकडून कळले की नवऱ्याच्या पश्चात ती बाई मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीदाराविना एकटीच, ऊसतोडीला जाते. गाळप हंगाम सुरू झाला की ती कोल्हापूरकडच्या फडावर असते आणि कारखाना बंद झाल्याखेरीज तिला परतता येत नाही. हंगाम संपल्यावर गावात पाऊल ठेवले की आठवड्याच्या आत ती मुलीला भेटायला येत होती. या आईची आस्था नोंदवहीत महिन्यागणिक लिहिलेली होती, फक्त ती वाचण्यासाठी ऊसतोडीचे वेळापत्रक ठाऊक असायला हवे होते. मुलगी आज आजीकडे राहते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250 रुपये यांच्या आधाराने तिचे शिक्षण चालू आहे. तुम्ही मराठवाड्यात काम करणार आहात म्हणून हे मुद्दाम विस्ताराने लिहिले. नोंदवहीतले कोरे पान पाहून मुलाला ‘भेटीला कोणी न येणारे’ ठरवण्यापूर्वी ते पान कोणत्या महिन्यांचे आहे हे पाहा.

याच्या नेमके उलट उदाहरणही तितकेच सापडते. एका मुलाचा चुलता दर वर्षी येई, ‘पुढच्या वर्षी घर बांधून झाले की नेतो’ असे लिहून देई, आणि त्या कागदाच्या बळावर मुलाचा मुक्काम वाढवला जाई. चार वर्षांचे आलेले मूल अकरा वर्षांचे झाले. पहिल्याच वर्षी कोणी चुलत्याच्या गावी जाऊन चुलतीशी बोलले असते, तर या घरात मूल कधीच जाणार नाही हे तिच्या पहिल्या दोन वाक्यांत कळले असते. नातेवाईक असणे आणि नातेवाईक मूल सांभाळणार असणे यांतला फरक फोनवर कळत नाही. तो घराच्या ओट्यावर बसून, घरातल्या बायकांशी बोलूनच कळतो. फोनवर झालेल्या चौकशीला मी चौकशी मानत नाही.

किती वाट पाहावी, याला सरसकट उत्तर नाही, पण वाट पाहण्याला कागदावर तारीख असली पाहिजे. ‘आईचे पुनर्वसन झाल्यावर’ असे लिहू नका. ‘आईला अमुक योजनेचा लाभ मिळवून देऊन अमुक तारखेला पुन्हा गृहभेट’ असे लिहा आणि त्या तारखेला जा.

उशिरा_आलेली_लेक यांचे उत्तर

मी कार्यकर्ती नाही, दत्तक आई आहे. आमची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. सात वर्षांच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज शंभरपर्यंत चालते, हे आम्हाला नोंदणीच्या वेळीच कळले आणि मोठ्या मुलीचा विचार तेव्हापासून मनात होता. गृह अध्ययनासाठी, म्हणजे दत्तकापूर्वी घराची आणि कुटुंबाची पाहणी करण्यासाठी, आलेल्या ताई आमच्या सासूबाईंशी स्वतंत्रपणे तासभर बोलल्या. त्या वेळी आम्हाला ते थोडे अनावश्यक वाटले होते, परंतु शाळेतून आलेल्या मुलीबरोबर दुपारभर घरात सासूबाईच असणार होत्या, आणि त्यांच्या मनातला ‘मोठ्या मुलीला माया लागेल का’ हा प्रश्न आमच्यासमोर त्यांनी कधीच बोलून दाखवला नसता.

मला सर्वांत मोलाची वाटली ती तयारी. संस्थेतल्या ताईंनी मुलीसाठी एक वही केली होती. तिची संस्थेतली खाट, स्वयंपाकाच्या मावशी, जिच्याशी तिची गट्टी होती ती मैत्रीण, आवारातला झोका, असे सगळ्यांचे फोटो त्यात होते आणि खाली तिनेच सांगितलेली वाक्ये लिहिलेली होती. पुढची पाने आमच्या घराच्या फोटोंची होती. प्रत्यक्ष येण्यापूर्वी तिला आमच्या घराचे दार, तिची खोली आणि आजीचा चेहरा ओळखीचा झाला होता. पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी लागते. ती घेताना ताईंनी तिला ‘आईबाबा आवडले का’ असे विचारले नाही. तिथे गेल्यावर कोणती गोष्ट अवघड वाटेल, असे विचारले. मुलीने सांगितले की रात्री दिवा बंद करू नये. तो दिवा पुढे कितीतरी महिने चालू राहिला.

पहिल्या दिवसांत तिच्या उशीखाली पोळी सापडायची. ताईंनी हे आधीच सांगून ठेवले होते. उपासमारीतून आलेली मुले अन्न साठवतात, रागावू नका, झोपताना तिच्याजवळ डब्यात काहीतरी ठेवत जा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे एक वाक्य सांगितले नसते तर आम्ही त्याला वाईट सवय समजून बसलो असतो. पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी त्या पाठपुराव्याला येत राहिल्या आणि मुलीशी नेहमी एकटीशीही बोलल्या. तुम्ही हे काम करणार असाल, तर मोठ्या मुलांच्या पालकांना गोड चित्र दाखवू नका. अवघड ते आधी सांगा.

निवृत्त_समिती_सदस्य यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मननीय आहेत, तथापि पहिल्या उत्तराला माझी एक पुरवणी आहे. ऊसतोड आईचे उदाहरण अगदी योग्य आहे, परंतु मूळ कुटुंबात पाठवले की काम झाले, असा समज कार्यालयांतून फार लवकर पसरतो. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना बालगृहांतील मुले शंभर दिवसांत कुटुंबांत परत पाठवण्याविषयी लिहिले, तेव्हा संख्येची घाई म्हणजे काय असते ते अनेक जिल्ह्यांनी अनुभवले. घरी पाठवलेले मूल काही महिन्यांनी अधिक घाबरलेल्या अवस्थेत समितीपुढे परत येते, तेव्हा त्या मुलाच्या लेखी मोठ्या माणसांनी दिलेला आणखी एक शब्द मोडलेला असतो. म्हणून पुनर्स्थापनेची, म्हणजे मूल कुटुंबात परत पाठवण्याची, शिफारस करताना पहिल्या सहा महिन्यांत घरी कोण, कधी जाणार आणि पैशांचा आधार कोणत्या योजनेतून सुरू होणार, हे अहवालात असल्याखेरीज मी सही करत नसे.

केवळ गरिबी हे मूल कुटुंबापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला मिळणाऱ्या आर्थिक मदतीत, दरमहा 4,000 रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 व अन्यत्र 96,000 रुपये आहे. हे आकडे तोंडपाठ ठेवा, कारण गृहभेटीत ‘पोसायला जमत नाही’ असे ऐकल्यावर लगेच अर्ज भरून घेता आला पाहिजे. मात्र ज्या घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेला आहे, अथवा पालक मुलाला सांभाळण्यास असमर्थ वा अनिच्छुक असल्याचे वारंवार दिसले आहे, तिथे ‘शेवटी आई ती आई’ या भावनेने अहवाल मवाळ करू नका. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवण्याचा निर्णय समितीच्या किमान तीन सदस्यांनी मिळून घ्यावा लागतो, आणि ते तिघेही तुमच्या नोंदींवरच विसंबून असतात. पालक सापडत नसल्याचा पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत आला नाही, तर पालक सापडत नाहीत असे गृहीत धरण्याची तरतूद दत्तक नियमावलीत आहे. तरीही पोलीस ठाण्याला पाठवलेल्या पत्राची पोच जोडलेली नाही, एवढ्या कारणाने फायली पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

नवी_नेमणूक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. बारा-तेरा वर्षांचे मूल, ज्याला घरी पाठवता येत नाही आणि ज्याला दत्तक घेण्यास कोणी पुढे येत नाही, त्याच्यासाठी ‘कायमचे घर’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

संस्थाबाह्य_काळजी

सर, आपली पुरवणी मला मान्य आहे. पाठपुराव्याचा आराखडा नसलेली पुनर्स्थापना मीही करू नये असेच म्हणेन.

ताई, तुमच्या शंकेवर माझा सर्वाधिक भर प्रतिपालकत्वावर (फॉस्टर केअर), म्हणजे दत्तक न घेता मूल दुसऱ्या कुटुंबाने आपल्या घरी सांभाळण्यावर, आहे. आपल्या राज्यात ते अजून फार थोड्या ठिकाणी रुजले आहे, कारण कुटुंबे शोधण्याचे काम आम्हीच मनावर घेत नाही. केंद्राच्या 2024 च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकल व्यक्तीही मूल सांभाळण्यास पात्र ठरू शकते, आणि मूल दोन वर्षे त्या घरात राहिल्यानंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येते. पूर्वी हा कालावधी पाच वर्षांचा होता. बारा वर्षांच्या मुलासाठी हा फरक किती मोठा आहे ते पाहा. पाच वर्षे थांबायचे तर ते सतरा वर्षांचे होते. निवृत्त शिक्षक, मुले नोकरीनिमित्त बाहेर असलेली जोडपी, मुलाच्याच शाळेतली कुटुंबे, यांच्याशी बोलायला सुरुवात करा. आधी मुलाला विचारा. तेरा वर्षांच्या मुलाला कोणाच्या घरी जायला आवडते, हे ते बहुधा सांगू शकते, पण त्याला कोणी विचारलेले नसते.

आणि जे मूल अठरापर्यंत संस्थेतच राहील, त्याच्या अनुरक्षणगृहाची, म्हणजे अठरानंतर राहण्याच्या जागेची, व्यवस्था सोळाव्या वर्षीच पाहायला लागा. अनाथ प्रमाणपत्राला पात्र असेल तर त्याची कागदपत्रे त्याच वेळी गोळा करा, कारण राज्यातले अनाथांचे एक टक्का आरक्षण त्या प्रमाणपत्रावरच मिळते आणि जन्माचा दाखला शोधण्यात फार काळ जातो. आधार कार्ड, बँक खाते आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही तपासा.

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात जिल्ह्यातल्या सर्व बालगृहांच्या भेट नोंदवह्या स्वतः वाचून, वर्षभरात कोणीही न आलेल्या मुलांची यादी करा आणि पहिल्या गृहभेटी त्या यादीतल्या मुलांच्या गावी काढा. बंजारा तांड्यावर जायचे असेल तर त्यांची गोरमाटी बोली बोलणाऱ्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या, आणि ऊसतोडीची गावे दसऱ्यापूर्वी करा. त्यानंतर घरांना कुलपे असतात.