कॅरमेल-बदाम टार्ट: कॅरमेल मऊ पण कापता येईल असं कसं जमवायचं?

अवनी_ठाणे:
रविवारी आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, जेवणानंतर गोड म्हणून कॅरमेल-बदाम टार्ट करायचाय, बाबांना बदाम प्रचंड आवडतात. तळ निघणारा २३ सेंमीचा टिन आहे, ओटीजी आहे, पण थर्मामीटर नाही. आई अंडं खात नाही. खरी काळजी कॅरमेलची आहे. रेसिपीत हेवी क्रीम लिहिलंय, आपल्याकडे टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं मिळतं ते चालेल का? आणि थांबायचं नक्की कुठे? लवकर उतरवलं तर ओघळणार, उशीर झाला तर दाताला चिकटणार, आणि आजीला पण खाता यायला हवा.

दुधावरची_साय:
अगं वड्यांना पाक बघतो ना, तस्साच बघायचा. वाटीत गार पाणी घे, कॅरमेलचा थेंब टाक, बोटांनी गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली की झालं, गोळीबंद म्हणजे साधारण ११२ ते ११५ डिग्री, लगेच गॅस बंद. गोळी टणक झाली तर दोन चमचे गरम क्रीम घालून सैल करता येतं.

प्रमाण: २०० ग्रॅम साखर, ७५ बटर, १५० मिली क्रीम, अर्धा चमचा मीठ, १५० ग्रॅम बदाम. कढई जाड बुडाची स्टीलची घे, काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही. साखर कोरडीच मंद आचेवर वितळव, कोऱ्या चहासारखा रंग आला की बटर आणि मग क्रीम थोडं थोडं, पण क्रीम गरम करूनच घाल, गार घातलंस तर साखरेचे खडे होतात. तरी उसळतंच, मुलांना ओट्यापासून लांब ठेव. २५ टक्केवालं बिनधास्त वापर, पाणी जास्त म्हणून आटायला वेळ लागेल इतकंच, घाईने आच मोठी करू नको, फाटेल.

ओटीजीवाली:
बिनअंड्याच्या कव्हरसाठी, म्हणजे कॅरमेल ज्यात ओतायचं त्या बिस्किटासारख्या वाटीसाठी, २०० ग्रॅम मैदा, १०० गार बटर, ५० पिठीसाखर, दोन-तीन चमचे बर्फाचं पाणी. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं आणि अर्धा तास फ्रीज. मग टिनमध्ये बसवून काट्याने टोचून, वर बटरपेपर आणि पेपरवर राजमा भरून १८० वर १५ मिनिटं, राजमा काढून अजून १०-१२ मिनिटं बदामी होईपर्यंत. राजमा हवाच, नाहीतर कडा घसरतात.

बदाम सालासकटच भाज, १६० वर ८-१० मिनिटं. तो किंचित कडवटपणा एवढ्या गोडात फार छान लागतो. भिजवून सोलणार असशील तर पूर्ण सुकवून घे, ओलसर राहिले तर कुरकुरीत होत नाहीत.

झुरिककर:
इथे स्वित्झर्लंडमध्ये एंगाडीन भागातला अक्रोडाचा टार्ट प्रसिद्ध आहे, आत कॅरमेल आणि क्रीम, वरून पण कव्हरचं झाकण, आणि भाजलेला टार्ट आठवडे टिकतो. मी बदामाचा करतो तेव्हा झाकण नसतं, पण कॅरमेल ओतल्यावर परत १७० वर १० मिनिटं ठेवतो, वर बुडबुडे आले की काढतो. बदाम कॅरमेलमध्ये छान बसतात.

दुधावरची_साय:
@झुरिककर, भाजायचा असेल तर कॅरमेल आधी पातळ असतानाच उतरवायला हवं. @अवनी, तू गोळीबंद करून परत ओव्हनमध्ये घातलंस तर कडक होईल. दोन्हीपैकी एकच कर. थर्मामीटर नाही तर मी म्हणेन कॅरमेल ओतल्यावर न भाजताच कर.

अवनी_ठाणे:
न भाजताच करते मग. शनिवारी रात्री करून ठेवला तर चालेल ना?

ओटीजीवाली:
चालेल की, उलट सेट व्हायला चार-पाच तास लागतातच. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, उघडं ठेवू नको, कॅरमेल हवेतला ओलावा ओढतं आणि ठाण्याची हवा तुला माहितीच आहे. वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ, म्हणजे आजींना चावायला सोपं जाईल. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून काप, दर कापाला पुसायची.