गिटारच्या बाजू व्हॅक्यूम बॅगेत चिकटवताना कमरेत पोकळी राहते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. हौसेखातर गिटार बनवतोय, ही दुसरी. बाजू दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून करतोय: बाहेरून शिसवी, आतून फणस, दोन्ही पट्ट्या दीड-दीड मिलिमीटर. साचा प्लायवूडचा; पट्ट्या त्यावर ठेवून हवाबंद बॅगेत घालायच्या आणि आतली हवा ओढून दाबायच्या. पंप म्हणून भंगारातून आणलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर (घरच्यांच्या मते मीही त्याच भंगारातला).

गेजवर २५ इंच पारा दिसतो, म्हणजे ओढ चांगली आहे. तरी कमरेच्या (गिटारच्या मधल्या अरुंद भागाच्या) आतल्या वळणात बॅग ताणून पुलासारखी उभी राहते आणि तिथे लाकूड साच्याला टेकतच नाही. बोटाने ठोकलं की पोकळ आवाज. बॅगेत आधी जास्त ढील ठेवून चुण्या कमरेत सोडायच्या का? की पट्ट्या गरम पाइपवर वाकवून मगच बॅगेत घालायच्या?

दुसरं, पांढरा फेव्हिकॉल वापरला होता. बॅगेत त्याचं पाणी जाणार कुठे? त्यात आमचा पावसाळा! दुसऱ्या दिवशी काढलं तर पट्टी ओलसरच, आणि वळण सहा मिलिमीटर उघडलेलं. इपॉक्सीत पाणी नसतं, म्हणून तिकडे वळावंसं वाटतंय, पण शिसवीच्या तेलकटपणावर ते नीट धरतं का? आधी ॲसिटोनने पुसता का? कोणी केलं असेल तर सांगा, शिसवीचा एकच जोड उरलाय.