मदत हवी आहे: क्लास अ‍ॅक्शनचा क्लेम वकिलाशिवाय, आणि आईचाही

नमस्कार मंडळी, मुक्काम न्यू जर्सी. कुपनांच्या गठ्ठ्यात दोन पोस्टकार्डं सापडली, रद्दीत जाता जाता वाचली. एक माझ्या नावाचं, एक आईच्या. माझ्या बाळंतपणाला आई आली होती तेव्हा तिलाही इथल्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथला पेशंटांचा डेटा चोरीला गेला, सगळ्या पेशंटांच्या वतीने एकच खटला (क्लास अ‍ॅक्शन) झाला, आता सेटलमेंट, म्हणजे तडजोड. कार्डावर क्लेम आयडी, पिन आणि खाली बारीक अक्षरात ‘कोर्टाच्या आदेशाने पाठवलेली सूचना, वकिलाची जाहिरात नव्हे’.

माझा फॉर्म अर्ध्यावर अडलाय. एक तर झालेला खर्च पावत्यांसकट मागायचा, नाहीतर सरसकट रक्कम घ्यायची. माझ्या नावाने कुणीतरी क्रेडिट कार्ड काढलं होतं, ते निस्तरताना नोटरी आणि टपाल मिळून ४१ डॉलर गेले. पावत्या आहेत. (क्रेडिट फ्रीज, म्हणजे आपल्या नावाने कुणी नवं कार्ड-कर्ज काढू नये म्हणून लावायची बंदी, २०१८ पासून फुकटच, त्याचा खर्च नाही.) सरसकटपुढे ‘अंदाजे १०० डॉलर’ लिहिलंय. त्या ‘अंदाजे’वर विसंबू का?

दुसरं, आई आता सांगलीत. फॉर्मच्या शेवटी शपथेवर सही आहे. मीच ठोकून दिली तर? नवरा म्हणतो, आधी वकिलाला विचार. त्याची तासाची फी शंभराच्या कितीतरी वर!

प्रतिसाद १
वकील नको. सगळ्यांच्या वतीने लढणारे वकील कोर्टाने नेमलेलेच असतात, त्यांची फीही कोर्टच मंजूर करतं. क्लेमसाठी कुणी पैसे मागितले तर तो भामटा समजा.

‘अंदाजे’चं म्हणाल तर लोकांच्या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीची २०१९ची सेटलमेंट आठवा. १२५ डॉलर म्हणाले, पण त्या पर्यायासाठी ठेवले होते ३ कोटी १० लाख. अडीच लाख लोकांनाही पुरेनात, आणि डेटा गेला होता १४ कोटी ७० लाखांचा! शेवटी फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनेच सांगितलं, त्याऐवजी फुकटचं क्रेडिट मॉनिटरिंग (आपल्या क्रेडिटच्या नोंदींवर नजर ठेवायची सेवा) घ्या. मी असतो तर पावत्यांचे ४१ मागितले असते.

आईंची सही तुम्ही करू नका. आयडी-पिन त्यांना पाठवा, फॉर्म त्यांनाच ऑनलाइन भरू दे. नुसतं गप्प बसलात तर पैसेही नाहीत आणि पुढे दावा करायचा हक्कही सहसा जातो. स्वतंत्र दावा करायचा म्हणून सेटलमेंटमधून वेगळं व्हायची तारीख क्लेमच्या तारखेआधीची असते बहुधा, ती बघा.

धागाकर्ती
धन्यवाद! आईला फोन केला. म्हणाली, ‘त्या दवाखान्यात मला नुसतं क्रोसिन दिलं होतं, त्याचे पैसे कसले?’ उद्या तिच्या सकाळी व्हिडिओ कॉलवर बसतोय. चेक आला तर तो सांगलीत कसा वटवायचा, हे कुणी केलंय का?