आधी यंत्र, मग विभाग: नागपूरच्या कॉलेजांनी मँचेस्टरकडून काय घ्यावं?

बजाजनगरकर
मँचेस्टर विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग १९६४ ला निघाला. तिथलं संगणकाचं यंत्र मात्र त्याच्या १६ वर्षं आधी, २१ जून १९४८ ला चाललं. तिथल्या विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल या अभियंत्यांना तपासायचं होतं एवढंच, की कॅथोड किरण नळीच्या (जुन्या टीव्हीत असायची तशी) पडद्यावरचे ठिपके आठवण म्हणून टिकवता येतात का. त्यासाठी त्यांनी नळीभोवती अख्खा संगणक उभा केला. स्मृती ३२ शब्दांची (शब्द म्हणजे एकत्र साठवलेल्या ०-१ अंकांचा गट), पहिला प्रोग्रॅम १७ आज्ञांचा, उत्तर यायला ५२ मिनिटं. त्याचं नाव 'बेबी'.

आमच्याकडे उलटं. विभाग आहे, इमारत आहे, पण मी शिकवतो तिथले फायनल इयरचे पोट्टे सोल्डरिंग गन न धरताच पदवी घेऊन राहिले. माझं म्हणणं, कॉम्प्युटरच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं दुसऱ्या वर्षी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय सुटे भाग जोडायची छिद्रांची पाटी) एक लहानसा प्रोसेसर स्वतः जोडलाच पाहिजे. सक्तीनं.

धंतोली७१
सर, पटलं नाही. विल्यम्स आणि किलबर्न युद्धकाळात रडारवर काम करून आलेले. पुढचं यंत्र बनवायला फेरांटी कंपनी होती, सरकारी पैसा होता. आपल्यासाठी उदाहरण कानपूरचं आहे. तिथल्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला, चक्क तयार. कोणी काही जोडलं नाही. पण तो शिकणाऱ्यांसाठी खुला ठेवला, राजारामन सरांसारखे शिक्षक होते, आणि तिथून देशभर माणसं तयार झाली. यंत्र बनवणं मोठं की माणसं बनवणं?

निवृत्त प्रयोगशाळा सहायक
दोघंही दूरचं पाहून राहिले. आपलं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अमरावती रोडवर आहे ना! रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १९४२ ला नागपूर विद्यापीठानं उभं केलं. उद्योगाला लागणारं रसायनशास्त्र हातानं करून शिकावं, हाच हेतू. म्हणजे ही रीत नागपूरला नवी नाही. काचेचं भांडं फुटलं की पोराला कळतं, ते फळ्यावर कळत नाही.

गोंदियाची लेक
मी तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी कर्ज काढलंय. कॅम्पसला मला कोडिंगच विचारणार, ब्रेडबोर्ड कोणी विचारत नाही. सक्ती केली तर तयार प्रोजेक्ट विकत आणणारेच वाढतील, आणि ते होतंच आहे. आधी लॅब सायंकाळी ५ नंतर उघडी ठेवा. मग सांगा.

बजाजनगरकर
लॅबचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, सक्तीचा शब्द मी मागे घेतो. पण धंतोली७१, एक गोष्ट सोडवत नाही. फेरांटीनं बनवलेल्या मँचेस्टरच्या १९५१ च्या मार्क १ संगणकात नळ्यांची स्मृती लहान आणि फिरत्या चुंबकीय ड्रमची मोठी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला इकडची पानं (स्मृतीचे ठरावीक तुकडे) तिकडे स्वतः हलवावी लागत. तो त्रास रोज अंगावर घेतलेल्या माणसांनीच तिथल्याच १९६२ च्या संगणकात, अ‍ॅटलसमध्ये ते काम यंत्राकडे सोपवलं. आज आभासी स्मृती म्हणतो ती हीच, तुमच्या मोबाइलमध्येसुद्धा आहे. विकत आणलेल्या यंत्रावर हे सुचलं असतं?

धंतोली७१
सुचलं नसतं कदाचित. पण कानपूर नसतं तर ते समजून घेणारे आपल्याकडे किती असते, हेही सांगा.

बजाजनगरकर
मान्य. शनिवारी दुपारी माझी लॅब उघडी राहील, चिप्स माझ्या खर्चानं. गोंदियाची लेक, मैत्रिणींना घेऊन ये बेटा.