सुरसागरचा ७ × २० इंची पॅनोरमा ए४ प्रिंटरवर कसा छापायचा?

हौशी_बडोदेकर
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या सुरसागर तलावाचा मोबाइलवर काढलेला पॅनोरमा (लांबलचक आडवा फोटो) (१०८०० × ३२०० पिक्सेल) घरीच छापायचा आहे. रावपुऱ्यातून बनवून घेतलेल्या फ्रेमची काच ७ × २० इंच आहे. प्रिंटर इंकटँकचा, ए४ रुंदीचा, मागून कागद घेणारा. शिवाय अडीच इंची चौरस फोटोंच्या १२ छोट्या फ्रेमा आहेत. साध्या कागदावर एक चौरस छापून पाहिला, तर तो ६१ मिमीच भरला. कागद कुठला घ्यावा आणि सेटिंग काय ठेवावं?

कागद_आणि_शाई
कागद आणण्याआधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) तपासा. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये पेपर साइजला ‘यूजर डिफाइन्ड’ निवडून २१० × ५९४ मिमी टाका. काही ड्रायव्हर लीगलच्या ३५६ मिमीपलीकडे लांबी घेतच नाहीत. तसं असेल तर हा बेत तिथेच थांबतो. काही मात्र १२०० मिमीपर्यंतही घेतात.

माप स्वीकारलं तर ए२ आकाराचा ग्लॉसी फोटो पेपर घ्या. तो ४२० × ५९४ असतो. लांबीत मधोमध कापला की २१० × ५९४ च्या दोन पट्ट्या मिळतात, एक छपाईला आणि एक राखीव. ए३ ची लांबी ४२० मिमीच, आणि १३ × १९ चा कागद तुमच्या मापाला एक इंच कमी पडतो. जाडी १८० ते २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. त्याहून जाड लांब पट्टी ताठ असते, रोलरवर घसरते आणि फोटोवर आडवे पट्टे येतात.

प्रिंटरमध्ये आधी जाणारी कड कारखान्यातलीच ठेवा. हाताने कापलेली कड बाजूला येऊ द्या. आत जाणारी कड काटकोनात नसेल तर ५९४ मिमीच्या लांबीत फोटो चांगलाच तिरका होतो. मागे लोंबणारी पट्टी हातावर सैल धरा, ओढू नका आणि ढकलूही नका.

फोटो ९० अंशांत फिरवून वरून २० मिमी सोडून लावा. खाली ६६ मिमी कोरा राहतो, तो राहू द्या. कागद मुख्य रोलरमधून सुटला की शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये छपाई बिघडते. ते कोऱ्या भागातच झालेलं बरं. पेपर टाइपला ग्लॉसी निवडायला विसरू नका. ‘प्लेन’ राहिलं तर शाईचं प्रमाण चुकतं आणि रंग फिसकटतात.

मिलिमीटर
अडीच इंचाचे म्हणजे ६३.५ मिमीचे ६१ झाले, म्हणजे ‘फिट टू पेज’ (पानात बसेल असं माप बदलणं) चालू आहे, फोटो ९६ टक्क्यांवर आलाय. विंडोजच्या फोटो अ‍ॅपमधून छापूच नका. इरफानव्ह्यू या फोटो बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रिंट साइजला ‘ओरिजिनल साइज’ निवडा. त्याआधी पॅनोरमा ९१४३ × ३२०० ला क्रॉप करून रेझोल्यूशन ४५७ डीपीआय (इंचाला ४५७ पिक्सेल) टाका, म्हणजे बरोबर २० × ७ इंच होतो. पिक्सेल कमी करायची काहीच गरज नाही.

बारा चौरसांसाठी ए४ चा कॅनव्हास २४८० × ३५०८ पिक्सेल, ३०० डीपीआय. प्रत्येक फोटो ७५० × ७५० चा, तीन आडवे, चार उभे, मध्ये ४७ पिक्सेल म्हणजे ४ मिमी फट. एका पानात बाराही बसतात. बॉर्डरलेस (कडेपर्यंत छपाई) बंदच ठेवा. त्यात ड्रायव्हर चित्र थोडं फुगवून कडा कापतो आणि माप पुन्हा चुकतं. कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ओढून साध्या कागदावर छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. रेघ १०० भरली तरच ग्लॉसी कागद लावा.

हौशी_बडोदेकर
धन्यवाद! ड्रायव्हरने ५९४ घेतलं. आता पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो, त्याचं काय करायचं?

कागद_आणि_शाई
छापल्यावर २४ तास उघडा, सपाट वाळू द्या. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) किंवा दोन मिमीची पट्टी हवीच. बडोद्याच्या दमट हवेत ग्लॉसी पृष्ठभाग काचेला एकदा धरला की सोडवताना शाईचा थर निघून येतो. उरलेला फोटो पेपर पाकिटात बंद ठेवा.

कापताना पट्टी फोटोच्या बाजूवर ठेवा, म्हणजे कटर सरकला तर बाहेर सरकतो. नवं पातं लावून दोन-तीन हलके हात फिरवा. एका दाबात कापलं तर ग्लॉसी थर कडेला चुरमुरतो. फ्रेमची ओठी (काचेवर येणारी आतली कड) चारही बाजूंनी चार-पाच मिमी झाकते, माउंट लावला तर आणखी थोडं. तेव्हा क्रॉप करताना तलावातल्या शंकराच्या मूर्तीचा माथा वरच्या कडेपासून किमान १० मिमी आत राहील असं बघा.