नॉर्मंडी जहाजातलं ‘लाखकाम’: शब्द बरोबर आहे का?

प्रश्न

‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाच्या अंतर्गत सजावटीवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. हे जहाज २९ मे १९३५ रोजी ल आव्हर बंदरातून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीला निघालं. धुराड्यांकडे जाणारे मार्ग दुभागून दोन्ही कडांनी नेल्यामुळे मधोमध दालनामागून दालन सलग काढता आलं. जेवणाचं दालन सुमारे ९३ मीटर लांब. त्याला एकही खिडकी नाही, सगळा उजेड लालिक या फ्रेंच काचकलावंताच्या काचेच्या दिव्यांचा.

‘ग्राँ सालाँ’साठी ‘दिवाणखाना’ लिहिला आणि तो चपखल बसला. अडलं ते पुढच्या धूम्रपानाच्या दालनात. तिथली भित्तिशिल्पं झाँ द्युनाँ या कलावंताची, सोनेरी ‘लाक’ची (म्हणजे इंग्रजीतलं ‘लॅकर’). मी ‘लाखकाम’ लिहिलंय, पण वाचताना सावंतवाडीची खेळणी डोळ्यांपुढे येतात. शब्द चुकतोय का?

उत्तर १

बिनधास्त ‘लाखकाम’ लिहा. मुळात शब्दच आपला आहे. संस्कृत लाक्षा, त्यावरून लाख, मग फारसी-अरबीतून पोर्तुगिजांपर्यंत आणि तिथून युरोपभर. आपलाच शब्द घरी परत येतोय, त्याला दार का बंद करायचं?

उत्तर २

व्युत्पत्ती मान्य, पण इथे ‘लाखकाम’ नको. शब्द आपल्याकडून गेला हे खरं, पण युरोपात तो दुसऱ्याच वस्तूला जाऊन चिकटला.

आपली लाख किड्याची. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर करतात, ती लाख. ती उष्णतेनं वितळते आणि गार झाली की घट्ट होते. म्हणून तर फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घर्षणानंच ती पसरते आणि पाकिटावर लाखेची मोहोर उठते.

द्युनाँनं वापरलेली वस्तू झाडाच्या चिकाची. चीन-जपानकडची ही विद्या तो १९१२ मध्ये पॅरिसमध्ये सुगावारा या जपानी कारागिराकडून शिकला. हा चीक घट्ट होण्यासाठी हवा दमट लागते. कोरड्या हवेत तो नीट धरतच नाही. पातळ थर द्यायचा, दमट जागी वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा, असे कितीतरी थर. एकदा वाळला की लाखेसारखा उष्णतेनं वितळत नाही. म्हणजे दोन्ही वस्तूंचं वागणंच उलटं आहे.

त्या झाडाचं नातं लाखेपेक्षा आपल्या बिब्ब्याशी जवळचं. दोन्ही एकाच कुळातली, आंबा-काजूही त्याच कुळातले. बिब्बा जसा अंगावर उततो तसाच तो ओला चीकही कारागिराच्या हातावर उततो. कोकणात काजूबिया फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले असतील तर वेगळं सांगायला नको. माझ्या आजीच्या बोटांची सालं काजूच्या हंगामात गेलेली असायची, आणि ती हाताला राख लावल्याशिवाय बियांना शिवायची नाही.

म्हणून माझा शब्द ‘चीकरोगण’. रोगण मराठीत जुनं आहे, सुतार-रंगारी वापरतात, आणि ‘चीक’ म्हटल्यावर वस्तू झाडाची हे आपोआप कळतं. पहिल्यांदा ‘झाडाच्या चिकाचं रोगण’ असं फोडून लिहा, पुढे जोडशब्द.

उत्तर १

बिब्ब्याचा धागा माहीत नव्हता. ‘लाखकाम’ मागे घेतो. तरी लेखात एका वाक्यात ‘लाक’चं मूळ ‘लाख’मध्ये आहे हे सांगाच, वाचकाला आनंद होईल.

प्रश्नकर्ती

‘चीकरोगण’ घेतला. आता दुसरी अडचण. त्याच दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत झाँ द्युपास या चित्रकाराची नौकानयनाच्या इतिहासावरची प्रचंड काचेची चित्रं होती. रंग आणि सोन्या-चांदीचा वर्ख काचेच्या मागच्या बाजूनं लावलेला. ‘रंगीत काच’ म्हटलं तर चर्चच्या खिडक्या आठवतात.

उत्तर २

इथे मात्र शब्द तयार आहे: काचचित्र. आपल्याकडच्या जुन्या काचचित्रांतही रंग मागून भरायचे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती पाहा. क्रम उलटा असतो, हे जवळून बघितल्यावर कळतं. डोळ्यातली बाहुली, दागिन्यांचे मोती, पदराची किनार आधी, अंगाचा रंग नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. कागदावर शेवटी करायचं ते इथे पहिल्यांदा, आणि चुकलं तर झाकता येत नाही. द्युपासची पद्धत तत्त्वतः हीच. ‘वर्खाचं काचचित्र’ लिहा.

आणि लेखात या जहाजाला लागलेली आग येत असेल तर एक सुचवतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर याच दिवाणखान्यात धातू कापण्याच्या ज्योतीच्या ठिणग्यांनी ‘कापोक’च्या जीवरक्षक जाकिटांनी पेट घेतला होता. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. ‘सावरीचा कापूस’ लिहिलंत तर तो किती झटकन पेटला असेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही. काचचित्रं त्याआधीच उतरवलेली होती म्हणून वाचली. त्यातली काही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.