विषय: लेकीच्या खोलीसाठी वाचायची खुर्ची, सल्ला हवा

मेधा, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेलांच्या गर्दीत घरगुती प्रश्न घुसडतेय, सांभाळून घ्या. धाकटी आठ वर्षांची आहे. पुस्तक हातात आलं की पलंगावर आधी पालथी, मग उताणी, मग पाय भिंतीला. तिच्या खोलीत एक बरी खुर्ची ठेवायची आहे. कॉलेजला जाईपर्यंत टिकली तर सोन्याहून पिवळं. मुलांची ती छोटी गुबगुबीत आर्मचेअर, आयकियाची पोएंग (वाकवलेल्या लाकडाची ती आरामखुर्ची) आणि बीनबॅग, म्हणजे मणी भरलेली पोतंवजा बैठक (हा नवऱ्याचा हट्ट) अशा तीन गोष्टी डोक्यात आहेत. दोनशे डॉलरच्या वर जायचं नाही.

श्रीरंग, सनीव्हेल

मेधाताई, बीनबॅग नको. आतले मणी दबत जातात आणि तिचा पापड होतो. शिवाय पाठीला आधार नाही, हनुवटी छातीला टेकवून वाचायचं.

आणलीच तर झिप बघून घ्या. इथे अमेरिकेत झिपला पकडायची पट्टी मुद्दाम ठेवत नाहीत, कारण मुलं झिप उघडून आत शिरली आणि गुदमरली असं घडलेलं आहे. 2014 मध्ये दोन मुलं दगावल्यावर जवळपास 22 लाख बीनबॅगा परत मागवल्या होत्या. मणी भरायला लोक पेपरक्लिप अडकवून झिप उघडतात आणि क्लिप तशीच सोडून देतात.

नाना

मेधा,

श्रीरंगशी सहमत. पण ती छोटी आर्मचेअरही घेऊ नकोस. दिसायला गोड, दोन वर्षांत पोरगी तीत मावणार नाही.

मुलाच्या मापाची आणि टिकणारी, दोन्ही एकाच खुर्चीत मिळत नाही. युरोपात शाळेच्या खुर्च्यांची मापं ठरलेली आहेत. 119 ते 142 सेंमी उंचीच्या मुलाला बैठक जमिनीपासून 35 सेंमी लागते, 146 च्या पुढे गेलं की 43. म्हणजे आज हिला 35 हवी आणि दहावीत 43. खुर्ची काही वाढत नाही. म्हणून मोठ्यांची घे आणि पायाखाली पाट ठेव. हो, आपला जेवायचा पाट! पावलं टेकली की मूल चुळबूळ कमी करतं.

दुसरं, बैठक पुढून मागे किती खोल आहे ते. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागे दोन बोटं जागा राहायला हवी. मोठ्यांच्या खुर्चीत ती राहत नाही, मूल घसरत घसरत पाठीच्या कण्यावर बसतं. पाठीमागे एक घट्ट लोड लाव. पोरगी वाढली की आधी लोड काढायचा, मग पाट.

पोएंग वाईट नाही. नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरने 1976 मध्ये केलेली. लाकडाचे पातळ थर चिकटवून वाकवलेले असतात म्हणून ती किंचित डोलते. मला तिच्यातलं आवडतं ते हे, की गादी सुटी आहे आणि वेगळी विकत मिळते. गादी बसली की सांगाडा फेकावा लागत नाही. तिची मुलांसाठीची छोटी आवृत्तीही आहे, तिकडे वळू नकोस.

पण माझं ऐकशील तर क्रेगलिस्टवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) जुनी, लाकडी हातांची, सुट्या गाद्यांची आरामखुर्ची शोध. बघायला गेलीस की पुढचा एकच पाय धरून वीतभर उचल. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा मजबूत. तो जमिनीवरच राहिला तर सांधे ढिले, नमस्कार करून निघ. खुर्चीचे हात सपाट आणि कोपर टेकेल इतके रुंद हवेत. पुस्तक धरणारा हात दमला की मान खाली जाते.

मात्र जुनी घेतलीस तर सांगाडा ठेव आणि फोम टाकून दे. इथे कॅलिफोर्नियात 1975 पासून फोमला ज्योतीची परीक्षा होती, म्हणून कारखाने त्यात आगरोधक रसायनं घालत. नियम 2013 मध्ये बदलला. 2015 मध्ये ती घातली आहेत की नाही हे लेबलवर लिहायची सक्ती आली, बैठकीच्या खाली बघ. जुना फोम भुगा होऊन झडतो आणि ती धूळ मुलांच्या हातातोंडात जाते.

नवा फोम कापून घेताना घनफुटाला किमान 1.8 पौंड घनता माग. दुकानदार 'फर्म आहे' म्हणेल, त्यावर जाऊ नकोस. कडक पण हलका फोम वर्षभरात बसतो. कव्हर झिपचं, धुता येईल असं.

मेधा

नाना, किती सविस्तर लिहिलंत! पाट माळ्यावरच आहे, चौरंगासकट. फिरणारी किंवा झुलणारी खुर्ची कशी? तिला तीच हवी आहे.

नाना

फिरणारी घेतलीस तर ती फिरेल, वाचणार नाही. झुलणारीच्या खाली बोटं येतात, लहान पोरं घरी येत-जात असतील तर नको.

विद्यामावशी, कूपरटिनो

सगळं खरं, पण आमच्याकडे अशीच खुर्ची आणली होती. तिच्यावर धुतलेले कपडे बसतात. मेधा, आधी लेकीला घेऊन जा, आवडीचं पुस्तक हातात देऊन दुकानातच पंधरा मिनिटं बसव. आणि जुन्या खुर्चीच्या शिवणी टॉर्च लावून बघ, ढेकूण घरात आले तर नवी खुर्ची परवडली असती म्हणशील.

मेधा

मावशी, टॉर्च घेते. सॅन होजेत एक सागवानी दिसते आहे, साठ डॉलर, गाद्या फाटक्या, म्हणजे आपल्याला बऱ्याच. शनिवारी सकाळी बघायला जातोय. आमच्या गाडीत ती मावणार नाही. कुणाची मिनीव्हॅन दोन तास मिळेल का? पोह्यांचं माझ्याकडे लागलं. फोम कापून देणारं खात्रीचं दुकान माहीत असेल तर तेही कळवा.